टॉम अँड जेरी आवाज बंद करून बघितलंय का कधी?

लेकीचा_बाबा

मंडळी, परवा रात्री लेकीला ताप होता. ती ६ वर्षांची आहे. औषध दिलं, पट्ट्या ठेवल्या तरी झोपेना, शेवटी मांडीवर घेतली आणि टॅबवर टॉम अँड जेरी लावलं, जुनं, हॅना आणि बार्बेरा या दिग्दर्शक जोडीने एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओत असताना केलेलं. बाजूच्या खोलीत आई-बाबा झोपले होते म्हणून आवाज एकदम बंद. लागलं ते १९४४ चं 'माउस ट्रबल'. त्यात टॉमच्या हाती उंदीर कसा पकडावा याचं पुस्तक लागतं, एकेक धडा वाचून तो एकेक प्रयोग करतो आणि प्रत्येक वेळी मार खातो. माझं लहानपणापासूनचं सगळ्यात आवडतं.

एका ठिकाणी टॉम कानाला स्टेथोस्कोप लावून भिंत तपासतो, जेरी आत कुठे आहे ते ऐकायला. लेक दुपारीच डॉक्टरांकडे जाऊन आलेली त्यामुळे ते तिने लगेच ओळखलं. पुढे जेरी त्या स्टेथोस्कोपमध्ये जोरात ओरडतो आणि टॉमच्या कानठळ्या बसतात. पण आमच्याकडे आवाजच नाही, त्यामुळे काय दिसलं तर उंदराने तोंड उघडलं आणि मांजर तडफडलं, बस. लेक म्हणाली, "बाबा, त्याला काय झालं? त्याला पण ताप आलाय?" एरवी याच सीनला ती हसून लोळते.

मग मी पूर्ण ८ मिनिटं तसंच मुकं बघितलं, ती झोपल्यावरही. आणि मला खरंच धक्का बसला. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलोय की यात बोलणं नाही, सगळं चित्रातून कळतं, म्हणून हे जगभर चाललं. अर्धंच खरं आहे ते. बोलणं नाही म्हणजे आवाज नाही असं नव्हे ना. चित्र तेच, पळापळ तीच, पण जीव गेलेला. पात्रं धडपडतायत आणि आपल्याला काही वाटत नाही.

तुम्ही असं करून बघा आणि सांगा. संगीत कळणारी, ॲनिमेशन कळणारी मंडळी आहेत इथे, त्यांनी जरा सविस्तर लिहा.

सातारी_कंदी

मस्त धागा. लेकीचा ताप उतरला का दादा आता?

आमच्याकडे केबल आली तेव्हा मी चौथीत. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ ला आलं, तेव्हा एकाच चॅनेलवर दिवसा कार्टून आणि रात्री टीएनटीचे इंग्रजी सिनेमे असायचे. शाळेतून आलं की दप्तर टाकून टीव्हीसमोर. माझी आजी माजघरात गहू निवडत बसायची, तिथून टीव्ही दिसायचा नाही, फक्त ऐकू यायचा. आणि आजी आतून बरोबर ओरडायची, "पडला बघ मेला बोका!" आम्हाला तेव्हा वाटायचं हिला दिसतंय कसं? आता तुमचं वाचून कळलं, तिला दिसत नव्हतंच, ती ऐकत होती.

आजी कायम टॉमच्या बाजूने. "त्या बोक्याला कुणी दूध घाला गं आधी, उपाशी पोटी पळतंय बिचारं." शाळा दोन बुकं शिकलेली बाई, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता तिला.

तिहाई

धागाकर्त्याने माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाला हात घातलाय, त्यामुळे लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

या आवाजामागचा माणूस म्हणजे स्कॉट ब्रॅडली. हॅना-बार्बेराने १९४० ते १९५८ मध्ये ११४ लघुपट केले आणि जवळजवळ सगळ्यांचं संगीत या एका माणसाचं. मी तबला शिकवतो, त्यामुळे मला हे असं दिसतं: सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने, म्हणजे २४ चित्रांनी चालतो. दर १२ फ्रेमला एक ठोका ठेवला तर मिनिटाला १२० ठोके होतात, दर ८ फ्रेमला ठेवला तर १८०. म्हणजे लय आधी ठरते आणि पात्रं त्या लयीत पळतात. विल्यम हॅना स्वतः संगीत जाणणारा होता, कुठली कृती किती ठोक्यांत बसवायची हे तो कागदावर आखून ठेवायचा, आणि त्या आखणीवर ब्रॅडली स्वररचना करायचा. चित्र झाल्यावर मागाहून कुठलीतरी धून चिकटवली असा हा प्रकार नाही. त्यामुळे टॉम जिन्यावरून खाली येतो ना गडगडत, तो बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर आपटतो. आपटायच्या आधी जी क्षणभर शांतता असते तीसुद्धा मोजलेली असते. मी विद्यार्थ्यांना तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, शिकवताना हेच सांगतो, की समेवर यायची मजा तुम्ही आधी किती ताणून धरता त्यावर आहे.

ब्रॅडली हलका माणूस नव्हता. विसाव्या शतकात शोएनबर्ग या संगीतकाराने बारा स्वरांची जी पद्धत काढली, ज्यात सप्तकातले बाराही स्वर एका ठरलेल्या क्रमाने येतात आणि कुठलाच स्वर षड्जासारखा घरचा वाटत नाही, ती ब्रॅडलीने १९४४ च्या 'पुटिंग ऑन द डॉग' मध्ये वापरली. त्यात कुत्र्याचं खोटं मुंडकं घालून फिरायचा प्रकार आहे, इवलासा जेरी त्या मुंडक्याखालून पळतो तेव्हा ऐका. मैफिलीला जाणाऱ्या रसिकांनाही जे जड गेलं असतं ते पोरं हसत हसत ऐकून गेली. मला या गोष्टीचं आजही अप्रूप वाटतं.

आणि टॉमची ती किंकाळी, शेपटी दारात सापडल्यावरची, ती खुद्द हॅनाच्या आवाजातली आहे. दिग्दर्शकाने स्वतः ओरडून रेकॉर्ड केलेली.

पेन्सिलवाली

तिहाई सर, अगदी बरोबर. मी पुण्यात ॲनिमेशनच्या क्षेत्रात आहे, १४ वर्षं झाली. आमच्याकडे नवीन मुलं येतात त्यांना मी पहिल्या आठवड्यात टॉम अँड जेरी दाखवते आणि फ्रेम मोजायला लावते.

दोघांची कामं वाटलेली होती. जोसेफ बार्बेरा न्यूयॉर्कचा, आधी बँकेत नोकरी केलेला, हात विलक्षण वेगवान, गोष्ट आणि गमती तो भराभर स्केच करून मांडायचा. हॅना टायमिंग बघायचा. पहिल्या काही लघुपटांतला टॉम बघा, केसाळ, खऱ्या मांजरासारखा, बऱ्याचदा चार पायांवर चालणारा, आणि चाल पण जरा संथ. मग टेक्स एव्हरी हा दिग्दर्शक वॉर्नर या दुसऱ्या स्टुडिओकडून एमजीएममध्ये आला आणि त्याच्या वेगवान कार्टून्सचा परिणाम शेजारच्या या दोघांवरही झाला. १९४३-४४ पर्यंत वेग एकदम वाढलेला दिसतो.

पण मला वेगापेक्षा टॉमचा चेहरा जास्त आवडतो. काहीतरी वाईट होणार हे त्याला कळतं आणि तो एक क्षण आपल्याकडे बघतो, ते. अर्व्हन स्पेन्स, केन म्यूस, एड बार्ज, रे पॅटरसन ही त्या चित्रकारांची नावं, श्रेयनामावलीत येतात पण कोण वाचतं. 'माउस ट्रबल' मध्येच पुस्तकात लिहिलेलं असतं की कोंडीत सापडलेला उंदीर कधीच उलटून लढत नाही. टॉम बिळात शिरतो, आपल्याला आतलं काही दिसत नाही, फक्त मारामारी ऐकू येते, आणि मग तो फाटक्या अवस्थेत बाहेर येऊन आपल्याकडे बघून खोल आवाजात म्हणतो, "डोन्ट यू बिलीव्ह इट!" ती मारामारी काढायला एकही चित्र लागलं नाही, पूर्ण आवाजावर आहे. बाबा, तुमच्या मुक्या प्रयोगात हा सीन कसा दिसला?

लेकीचा_बाबा

@सातारी_कंदी, ताप उतरला, आज शाळेत गेली. आजींचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

@पेन्सिलवाली, तो सीन म्हणजे एक रिकामी भिंत दिसली नुसती. आणि चावीच्या खेळण्यातली उंदरीण टॉम गिळतो ना, मग पुढे प्रत्येक उचकीला तिचं ते एकच वाक्य त्याच्या पोटातून ऐकू येतं, ते तर कळलंच नाही. नुसतं मांजर दचकतंय.

दोन_कार्टी_एक_आई

सगळं छान आहे पण माझा अनुभव वेगळा. माझ्या मोठ्याने धाकट्याच्या डोक्यात उलथनं घातलंय हे बघून, तीन टाके पडले. तेव्हापासून आमच्या घरी बंद. कुऱ्हाडी, सुरुंग, इस्त्र्या, काय काय फेकत असतात. मुलांना कळत नाही हो की हे खोटं आहे.

पेन्सिलवाली

ताई, धाकटा बरा आहे ना आता? तुमची काळजी अगदी रास्त आहे, मी ती उडवून लावणार नाही. माझ्या भाच्याला मी शेजारी बसूनच दाखवते. तव्याचा मार बसला की टॉमचं तोंड तव्याच्या आकाराचं होतं, पुढच्या शॉटमध्ये पुन्हा जसंच्या तसं. रक्त नाही. हे आपल्याला लगेच कळतं, चार वर्षांच्या पोराला ते कुणीतरी सांगावं लागतं. १९४० च्या दशकात हे थिएटरात मोठ्या सिनेमाच्या आधी लागायचं, समोर मोठी माणसंच जास्त. लहान मुलांसाठी म्हणून वेगळं असं ते बनवलेलंच नव्हतं.

दोन_कार्टी_एक_आई

हो, बरा आहे, खूण राहिलीये कपाळावर. हे थिएटरचं माहीत नव्हतं. बघते, माझ्यासोबत बसून दाखवेन.

पोथीवाचक

थोडा इतिहास सांगतो कारण तो फार सुंदर आहे. १० फेब्रुवारी १९४० ला पहिला लघुपट आला, 'पस गेट्स द बूट'. त्यात मांजराचं नाव टॉम नाहीच, जॅस्पर आहे. उंदराला तर पडद्यावर नावच नाही. घरकाम करणारी बाई जॅस्परला दम देते की आणखी एक वस्तू फोडलीस तर घराबाहेर, आणि उंदराला हे कळल्यावर तो एकेक वस्तू फोडायच्या बेताला लागतो. श्रेयनामावलीत हॅना-बार्बेराची नावं नाहीत, फक्त रुडॉल्फ आयसिंगचं. स्टुडिओचा निर्माता फ्रेड क्विम्बी, मूळचा सिनेमे विकणारा माणूस, त्याचं मत पडलं की उंदीर-मांजर झालं एकदा, आता दुसरं काहीतरी करा.

पण लोकांना आवडलं होतं. टेक्सासमध्ये थिएटरं चालवणाऱ्या कंपनीतल्या एका बाईंनी एमजीएमला पत्र पाठवून विचारलं की ती उंदीर-मांजराची कार्टून आणखी कधी येणार. वर ऑस्करचं नामांकनही मिळालं. मग परवानगी मिळाली, दोघांना नवीन नावं हवी म्हणून स्टुडिओत चिठ्ठ्या मागवल्या आणि जॉन कार नावाच्या ॲनिमेटरने टॉम आणि जेरी सुचवून ५० डॉलरचं बक्षीस मिळवलं.

पुढे १३ नामांकनं, ७ ऑस्कर. दर वेळी बक्षीस घ्यायला स्टेजवर गेला तो क्विम्बी, कारण तेव्हा पुरस्कार निर्मात्याच्या नावे असायचा. ज्यांनी रात्रंदिवस हे रेखाटलं, ज्यांनी ती चाल बसवली, ते खाली बसलेले. मला याचा आजही राग येतो.

आणि १९५७ मध्ये एमजीएमने हिशेब केला की जुनेच लघुपट पुन्हा लावले तरी नव्यांच्या जवळपास तेवढेच पैसे सुटतात. एक फोन आला आणि अख्खा कार्टून विभाग बंद.

जर्सीतली_माई

मी इथे अमेरिकेत ३० वर्षं आहे. कुणीच काढला नाही म्हणून मी विषय काढते, त्या घरकाम करणाऱ्या बाईचा. मॅमी टू शूज. फक्त पाय, परकर, झाडू आणि आवाज. तो आवाज लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचा, फार गुणी बाई. पण ते पात्र कृष्णवर्णीय बायकांना कसं एकाच साच्यात बसवायचे त्याचा नमुना आहे. तेव्हाच त्यावर कृष्णवर्णीयांच्या संघटनेने आक्षेप घेतला होता. १९५२ नंतर ते पात्र दिसत नाही. ६० च्या दशकात टीव्हीवर दाखवताना काही लघुपटांत तिच्या जागी दुसरी गोरी मुलगी काढून चिकटवली, आवाज जून फोरेचा घातला.

लहानपणी दादरला मावशीकडे बघताना माझ्या मनात यातलं काही आलं नव्हतं. इथे आल्यावर ऑफिसातल्या मैत्रिणीसोबत एकदा बघत होते, ती कृष्णवर्णीय आहे, आणि ते पाय पडद्यावर आल्यावर ती हसायची थांबली. काही बोलली नाही ती. मी टीव्ही बंद केला आणि चहा टाकला. मग बोललो आम्ही पुष्कळ. तिचं म्हणणं होतं की कापून टाकू नका, जसं आहे तसं दाखवा आणि सोबत सांगा की हे चूक होतं. कापलं तर रँडॉल्फचं कामही पुसलं जातं. मला ते पटलं.

धागा आवाजाचा आहे म्हणून एक सांगते, त्या लघुपटांत पूर्ण वाक्यं बोलणारा सगळ्यात जास्त आवाज तिचाच आहे. टॉम-जेरी जवळजवळ मुके, बोलते ती मुख्यतः हीच.

सातारी_कंदी

माई, हे खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. आजीला पण तो आवाज ओळखीचा होता, "आली बघ मालकीण" म्हणायची. मालकीण नव्हतीच ना ती, कामाला होती. आज कळलं.

देवगड_हापूस

मी एका दुर्लक्षित गोष्टीची बाजू घेणार आहे. १९६१-६२ मध्ये जीन डाइच या दिग्दर्शकाने प्रागमध्ये १३ टॉम अँड जेरी केले. सगळे त्यांना शिव्या घालतात, भीतीदायक म्हणतात, विचित्र म्हणतात. अहो पण परिस्थिती बघा की. शीतयुद्धाचा काळ, कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकिया, पैसे तुटपुंजे, आणि तिथल्या चित्रकारांनी मूळ टॉम अँड जेरी जवळपास पाहिलेलंच नाही. श्रेयनामावलीतसुद्धा चेक माणसांची नावं इंग्रजी वळणाची करून टाकली, संगीतकार व्हात्स्लाव्ह लीडल तिथे व्हिक्टर लिटल होतो.

आणि आवाज! तो टॉड डॉकस्टेडरचा, टेपवर प्रयोगशील संगीत करणारा माणूस. सगळ्या आवाजांना ती विहिरीत बोलल्यासारखी घुमी लकेर. लहानपणी मला त्याची भीती वाटायची आणि तरी मी डोळे लावून बघायचो. तो हॅनाचा टॉम नाही हे मान्य, पण त्या माणसांनी हातात काही नसताना स्वतःचं काहीतरी केलं. मला ते मनापासून आवडतात.

पेन्सिलवाली

हापूस, आवाजापुरतं मान्य. पण चाल बघवत नाही मला, वजनच नाहीये अंगांना. त्यानंतर १९६३ पासून चक जोन्स या दिग्दर्शकाचे ३४ आले त्यात निदान चेहरे तरी सुरेख आहेत, जाड भुवया वगैरे. एमजीएमच्या सिंहाच्या जागी टॉम येऊन ओरडतो ती सुरुवात त्यांचीच. पण जोन्सचा टॉम पोज देतो, हॅनाचा टॉम धावतो.

तिहाई

@लेकीचा_बाबा, आता उलटा प्रयोग करा. चित्र बंद, आवाज चालू. १९४७ चं ऑस्कर मिळालेलं 'द कॅट कॉन्चर्टो' घ्या. टॉम मैफिलीत पियानोवर लिस्ट या संगीतकाराची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतो, जेरी पियानोच्या आत झोपलेला असतो आणि त्याची झोपमोड होते. वादन संपेपर्यंत टॉमला जागेवरून उठता येत नाही. जेरी छळतोय, बोटं चेपली जातायत, पण तो वाजवायचा थांबत नाही. कुठल्याही वादकाला विचारा त्याला टॉममध्ये कोण दिसतं ते. माझा एकदा मैफिलीत डग्ग्याची शाई फुटून ठोका बसका लागायला लागला, समोर माणसं बसलेली, त्या वेळी मला टॉमच आठवला होता, खरं सांगतो.

त्याच सुमारास वॉर्नरने बग्ज बनीला घेऊन तीच रचना वापरून तसाच लघुपट केला आणि दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आरोप केला. मला त्या भांडणात रस नाही. तुम्ही लेकीला डोळे मिटायला सांगा आणि काय होतंय ते तिलाच सांगू द्या.

सातारी_कंदी

+१. आणि ती काय म्हणाली ते इथे लिहा नक्की.

लेकीचा_बाबा

केलं काल रात्री. उशिरा लिहितोय, माफी असावी.

लेकीने दोन्ही हात डोळ्यांवर घट्ट दाबले, मी टॅब उलटा ठेवला गादीवर. सुरुवातीला टॉम संथ वाजवतो तिथे म्हणाली, "हा कुणीतरी मोठा माणूस आहे, ऐटीत बसलाय." मग तो खालच्या सुरांवरून वर येतो तेव्हा म्हणाली, "आता कुणीतरी उठलं." तिला पियानोत जेरी आहे हे मी सांगितलंच नव्हतं! लय वाढली तशी उड्या मारायला लागली, हात डोळ्यांवर तसेच. "पळतोय, पळतोय, थांबला, लपला, आता मारणार, मारलं!" तिहाई सर, प्रत्येक समेवर बरोबर. एका ठिकाणी फक्त चुकली, पियानोचा तुकडा मध्येच बदलून जाझसारखा होतो तिथे म्हणाली की आता लग्नाची वरात आली.

शेवटी टाळ्यांचा कडकडाट होतो. बघितलेल्यांना माहीत आहे तिथे पडद्यावर काय असतं. टॉम दमून कोसळलेला असतो, प्रकाशझोत असतो जेरीवर आणि वाकून नमस्कार करून टाळ्या घेतो तो उंदीर. लेकीने डोळ्यांवरचे हात काढले आणि तीसुद्धा टाळ्या वाजवायला लागली, जोरजोरात, आणि मला विचारलं, "बाबा, सगळे त्या वाजवणाऱ्यासाठीच वाजवतायत ना?"

मी हो म्हणालो. टॅब अजून उलटाच होता, तसाच बंद करून ठेवला.